तीनशे चौरस फुटांत चौघांचं घर कसं बसवावं

लहान घराचं काम घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये फोटो तयार असतात. पांढरी भिंत, वेताची एक खुर्ची, कोपऱ्यात कुंडी आणि जमिनीवर काहीही नाही. मी फोटो बघते आणि विचारते, "यांच्या गाद्या कुठे आहेत?" पाण्याचं पिंप, महिन्याचे तांदूळ, गणपतीचं मखर, पावसाळ्यात वाळत टाकलेल्या चार जीन्स, यातलं काहीच त्या फोटोत नसतं. तिथे एक तर कुणी राहत नाही, नाहीतर एकटा माणूस राहतो आणि बाहेर जेवतो.

नावाजलेला आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यानं १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी कुटी बांधली. ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे बारा बाय बारा फूट. कमीत कमी जागेतला आदर्श म्हणून आर्किटेक्चरच्या वर्गात ती हमखास दाखवतात. तिच्यात स्वयंपाकघर नाही, शेजारच्या खाणावळीत जायला भिंतीतूनच दार आहे. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची असायची, म्हणजे त्या कुटीहून जेमतेम सोळा चौरस फूट मोठी. त्यात स्टोव्ह, देवघर, पाहुणे आणि अख्खं कुटुंब. कमी जागेत राहायचं शिक्षण कुणाकडून घ्यावं, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

दादर ते शिवडी या पट्ट्यात मी घरांच्या आतलं काम करते, तेही बहुतेक ४०० फुटांच्या आतल्या घरांचं. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरं आधी २२५ चौरस फुटांची होती, मग २६९ झाली, आता ३०० आहेत. इथे मी शिवडीच्या एका ३०० फुटी घराची मापं धरून सांगते. बाहेरची खोली १० बाय १३, आतली ८ बाय ९, ओट्याची जागा ६ बाय ८, मोरी ४ बाय ५, संडास ३ बाय ४ आणि मधे बोळ. माणसं चार: नवरा, बायको, दहावीतला मुलगा, आणि आजी. तुमचं घर याहून वेगळं असेल, पण डोकं चालवायची रीत तीच.

आधी घड्याळ, मग टेप

"हॉल, बेडरूम, किचन" हे शब्द महिनाभर विसरा. मोठ्या घरात प्रत्येक कामाला खोली मिळते, लहान घरात प्रत्येक कामाला वेळ मिळते. म्हणून कागदावर उभे चार रकाने आखा, माणशी एक, आणि पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत कोण कुठे काय करतं ते अर्ध्या अर्ध्या तासानं लिहा. खरं लिहा. "मुलगा टेबलावर अभ्यास करतो" असं लिहू नका, जर तो पलंगावर पालथा पडून करत असेल.

शिवडीच्या घराच्या तक्त्यात दोन ठिकाणी गाठ पडत होती. पहिली पहाटे साडेपाच ते साडेसातची: वहिनी ओट्याशी, दादांना सातची पाळी, मुलाचा क्लास, आणि आजींना नेमकं तेव्हाच मोरीत जायचं. दुसरी रात्री नऊ ते साडेअकराची: आजी नऊला झोपतात, नवरा-बायको साडेदहाला, मुलाला साडेअकरापर्यंत दिवा हवा. उरलेल्या दिवसभरात त्या घरात भांडण व्हावं असं काहीच नव्हतं. मग आराखडा या चार-साडेचार तासांचाच करायचा.

सकाळच्या गाठीचं उत्तर तसं सोपं होतं. बिल्डरनं मोरी आणि संडास वेगळे दिले होते आणि घरच्यांना ते पाडून "एकच मोठं बाथरूम" हवं होतं. मी नाही म्हटलं. चार माणसांत एक कडी लागली की तिघं बाहेर. उलट मी बेसिनही मोरीतून काढून बोळात आणलं, बारा इंच खोलीचं. आता एक जण आंघोळीला, एक संडासात, एक दात घासतोय आणि वहिनींच्या ओट्याशी कुणाचीच लुडबुड नाही.

रात्रीच्या गाठीला जरा वेळ लागला. बाहेर आजी, आत नवरा-बायको, मग दिवा लावायचा कुठे? तक्त्यात बोट फिरवताना दिसलं की रात्री दहानंतर घरात एकच जागा रिकामी असते, ती ओट्याची. तिथे ओट्यासमोरच्या भिंतीला घडीची फळी लावली, तीन फूट लांब, अठरा इंच रुंद, जमिनीपासून एकोणतीस इंचांवर. ती जागा सहा फूट रुंद. ओट्याचे चोवीस इंच आणि फळीचे अठरा गेले तरी मधे अडीच फूट उरतात, खुर्ची सरकते. फळीवर वेगळा दिवा, वेगळा प्लग, भिंतीवरचा छोटा पंखा. दिवसा त्याच फळीवर वहिनी बसून चपात्या लाटतात. तक्ता केला नसता तर मुलाचं टेबल सगळ्यांसारखं बाहेरच्या खोलीत खिडकीखाली गेलं असतं आणि परीक्षेपर्यंत आजी चिडलेल्या राहिल्या असत्या.

सामान टाकू नका, मोजा

"मिनिमल" म्हणजे सगळं काढून टाका, असं सांगणारे बरेच भेटतील. सासूबाईंनी दिलेली पितळी परात काढून टाका, असं मला कुणाला सांगता येत नाही, आणि सांगूही नये. सामान मोजलं की काय ठेवायचं ते लोक आपणच ठरवतात.

मोजायचं म्हणजे टेप लावून. कापसाची चार इंची गादी, सहा बाय तीनची, तिची तीन पदरी घडी घातली तर दोन बाय तीन फुटांची आणि एक फूट उंचीची होते. अशा तीन गाद्या म्हणजे तीन फुटांचा ढीग, अठरा घनफूट. हा आकडा समोर आला की "पाहुण्यांसाठी असू दे" म्हणून ठेवलेल्या पाचव्या गादीचा विचार आपोआप होतो. टांगायच्या कपड्यांना माणशी दोन-अडीच फूट दांडी धरा, साड्यांना घडीचे खण. रिकामी सूटकेस कधीच रिकामी ठेवू नका, तिच्यात रजया जातात.

मग तीन याद्या करा: रोज लागणारं, आठवड्याला लागणारं, वर्षाला लागणारं. रोजचं गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत, साधारण अठरा ते साठ इंचांमध्ये. आठवड्याचं त्याच्या खाली. वर्षाचं, म्हणजे मखर, फराळाची मोठी कढई, लोकरीचे कपडे, हे माळ्यावर किंवा पलंगाच्या पोटात. हाताच्या सगळ्यात सोयीच्या उंचीवर शोकेसमधले काचेचे ग्लास आणि रोजचा कुकर मात्र वाकून काढायचा, हे मी निम्म्याहून अधिक घरांत बघते.

गणपती कुठे बसतो, हेही आत्ताच विचारा. दीड दिवस असो की अकरा, तीन बाय दोनची जागा आणि तिच्याजवळ एक प्लग लागतो. ऑगस्टमध्ये कपाट सरकवायची वेळ येऊ नये.

कशाला हात लावायचा नाही

भिंत पाडायची असेल तर ती कशाची आहे ते बघा. खिळा ठोकून कळत नाही, ड्रिलनं एक भोक मारा. लाल भुकटी आली तर विटा, पांढरी-करडी मऊ भुकटी आली तर ब्लॉक. बिट कुरकुरायला लागलं, पुढे जाईना आणि करडी बारीक पूड आली तर काँक्रीट. हल्लीच्या टॉवरांत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात आणि इमारतीचं वजन त्यांच्यावरच असतं. तिथे भिंत पाडणं सोडाच, वायरच्या पाइपसाठी झिरी मारायलाही मी देत नाही. वायरिंग वरून, पट्टीतून न्यायचं. ब्लॉकची भिंत असली तरी सोसायटीची लेखी परवानगी आणि इंजिनिअरचा होकार घेतल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

ओल्या जागा हलवू नका. संडासाचा पाइप चार इंची असतो, त्याला उतार लागतो. भांडं चार फूट सरकवलं की उतारासाठी लादी उचलावी लागते, मग मोरीत पायरी येते, आणि त्या पायरीवर कधीतरी आजी अडखळतात. लाद्या बदलणार असाल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर मोरीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवा आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या घरी जाऊन छत बघा. त्याआधी लादी बसवू द्यायची नाही, मिस्त्री कितीही घाई करो.

मोरीवरच्या माळ्यावर पाण्याची टाकी ठेवणार असाल तर दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, शिवाय टाकीचं वजन. ती काँक्रीटच्या माळ्यावरच. प्लायच्या माळ्यावर ठेवलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याखाली आंघोळ करायची हिंमत मला नाही.

माप घेताना भिंत खाली, मधे आणि वर अशी तीनदा मोजा, आणि कर्णही मोजा. काटकोनातली खोली अजून तरी माझ्या बघण्यात नाही. सगळ्यात कमी भरलेलं माप खरं धरायचं. आणि हो, लिफ्ट मोजा, जिन्याचं वळण मोजा. आठ बाय चारचा प्लाय बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, आणि तयार सोफा जिन्याच्या वळणावर अडकला की तो परत पाठवायचं भाडं तुमच्याच गळ्यात.

खडूनं घर काढा

कागदावरचा नकाशा सगळ्यांना कळतो असं नाही, जमिनीवरचा कळतो. सामान हलवण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि खऱ्या मापानं कपाट, पलंग, ओटा खडूनं लादीवर आखा. मग घरातल्या सगळ्यांनी त्या आखणीत वावरायचं. कपाट उघडल्याचं नाटक करायचं, ताटं घेऊन बसायचं, रात्री उठून संडासाला जायचं. लाज वाटते पहिली पाच मिनिटं.

ही मापं हाताशी ठेवा. सरळ चालायला तीस इंच, आडवं होऊन निसटायला अठरा. उघडत्या दाराच्या कपाटासमोर तीस इंच. जमिनीवर जेवायला बसलेल्या माणसाला दोन फूट रुंदी आणि पानासकट तीन फूट खोली. म्हणजे समोरासमोर चौघांना चार बाय सहा. साधं दार अडीच फुटांचं असलं तर उघडताना सुमारे पाच चौरस फूट जमीन झाडून काढतं आणि तेवढी जागा कायमची बाद होते. म्हणून आतल्या खोलीला सरकतं दार मला आवडतं, मात्र त्याला शेजारी दाराएवढीच रिकामी भिंत लागते. संडासाला सरकतं दार लावू नका, आवाज आणि वास दोन्ही बाहेर येतात. मोरीचं दार बाहेर उघडणारं करा: आत म्हातारं माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं.

झोपायची सोय

लहान घराचा सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. दिवसा नाहीशी होणारी झोपायची जागा सगळ्यांना हवी असते. भिंतीत उभा राहणारा पलंग दुकानात एका बोटानं खाली येतो. घरी तो मिटलेला असतानाही सोळा-अठरा इंच खातो, समोर सात फूट मोकळे मागतो, आणि रोज सकाळी त्याच्यावरच्या चादरी-उशा काढून कुठेतरी ठेवाव्या लागतात. "कुठेतरी" म्हणजे खुर्चीवर. तीन महिन्यांनी तो कायमचा उघडाच दिसतो. सोफा-कम-बेडचंही तेच, शिवाय तो सोफा म्हणून टोचतो आणि बेड म्हणूनही टोचतो.

माझा नियम असा आहे: रोज बदलायची गोष्ट घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला एका मिनिटात, अंधारात, आवाज न करता बदलता आली पाहिजे. दुकानात जाऊन हीच परीक्षा घ्या, दुकानदाराला नाही, आजींना करून बघू दे.

शिवडीच्या घरात बाहेरच्या खोलीत भिंतीलगत आजींचा दिवाण केला, सव्वासहा फूट लांब, अडीच फूट रुंद. गादीसकट उंची अठरा इंच, कारण त्याहून खाली असला तर गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. दिवाणापासून संडास चार पावलांवर, वाटेत बोळातला छोटा दिवा रात्रभर चालू. दिवाणाखाली चाकांचा दुसरा उथळ पलंग, गादीसकट. मुलगा साडेअकराला येतो, पायानं तो ओढतो आणि झोपतो, दिवा लावत नाही. समोरच्या भिंतीला सरकत्या दारांचं दोन फूट खोल कपाट. दहा फुटांतून कपाटाचे दोन आणि दिवाणाचे अडीच गेले की मधे साडेपाच फूट; खालचा पलंग ओढल्यावरही तीन फूट राहतात. आजींची वाट अडत नाही.

आतल्या ८ बाय ९ च्या खोलीत पलंग ठेवायचा विचारच सोडला. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी कट्टा बांधला, आठ फूट बाय सव्वासहा, सोळा इंच उंच. समोर पावणेतीन फुटांची पट्टी उरते. कट्ट्याच्या पुढच्या दोन फुटांत ओढायचे खण, मागच्या भागाला वरून उचलायची झाकणं. खण ओढताना समोर उभं राहता येत नाही, बाजूला राहावं लागतं. चालतं, आठवड्यातून दोनदाच ओढायचे आहेत. एकूण पन्नासेक घनफूट सामान पोटात जातं. रात्री दोघं झोपतात, नणंद मुलांना घेऊन आली तर चौघं, आणि दिवसा त्यावर इस्त्री, शिवणकाम, निवडणं-टिपणं सगळं होतं. रिकामा पलंग मधेच ठेवला असता तर तिन्ही बाजूंना दीड-दीड फुटाच्या निरुपयोगी गल्ल्या राहिल्या असत्या.

कट्ट्याच्या पोटात हवा खेळायला हवी. मुंबईत जून ते सप्टेंबर बंद खोक्यात गादी ठेवली की दसऱ्याला उघडताना नाक धरावं लागतं. समोरच्या फळीला खाली आणि वर इंचभराची भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा, आणि कट्टा बाहेरच्या ओल्या भिंतीपासून इंचभर सोडून बांधा.

ओटा

बिल्डरचा ओटा बहुधा उंच असतो. ओट्याशी जो जास्त वेळ उभा राहतो त्यानं सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार-पाच इंच वजा करायचे. पाच फुटी बाईला बत्तीस इंच येतात. वर गॅसची शेगडी आणि तिच्यावर कढई धरली तर हात आणखी वर जातो, म्हणून शक्य असेल तिथे शेगडीखालचा भाग तीन इंच खाली घ्या. खांदे दुखायचे थांबतात.

क्रम असा: फ्रिज, मग धुणं, मग चिरणं, मग गॅस. चिरायला सिंक आणि गॅसच्या मधे सलग दोन फूट रिकामे हवेत. तिथे मिक्सर कायमचा ठेवला की ओटा संपला. हा सगळा विचार जुना आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी १.९ मीटर बाय ३.४४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, बायकांची पावलं आणि मिनिटं मोजून. तशी सुमारे दहा हजार बसली. इस्त्रीची फळी भिंतीतून खाली येणारी, आणि डाळ-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे छोटे डबे. आमच्या शिवडीच्या ओट्याची जागा त्याच्या दोन-तृतीयांश आहे आणि वर एका वेळी दोन भाज्या, आमटी, भात, चपात्या. तरीही पावलं मोजायची त्यांची रीत अजून उपयोगी पडते.

ट्रॉल्या हव्या तिथेच करा. ताटवाट्या, चमचे, तेलाचे डबे यांना ट्रॉली छान. सिंकखाली ट्रॉली नको, तिथे नुसता कचऱ्याचा डबा आणि मोकळी हवा. कोपऱ्यात फिरणाऱ्या महागड्या जाळ्या विकायला येतात. त्या घेऊ नका, कोपऱ्यात वर्षाची मोठी भांडी ठेवा. गॅसचा सिलिंडर साधारण तेरा इंच रुंद, त्याला सोळा इंचांचा कप्पा द्या, आणि दाराला अगदी लादीलगत जाळी. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वर जाळी ठेवून काही उपयोग नाही.

कपडे धुण्याचं मशीन ओट्याखाली जाईल असं सगळे धरून चालतात. समोरून उघडणारं मशीन साडेतेहतीस इंच उंच आणि ओटा बत्तीसचा. म्हणजे ओट्याचं शेवटचं टोक छत्तीस इंचांवर न्यावं लागतं, मशीनचा पाइप सिंकच्याच नळीला जोडावा लागतो आणि मागे दोन इंच सोडावे लागतात. हे आधी ठरलं तर फुकट होतं, ओटा बसल्यावर ठरलं तर ग्रॅनाइट फोडावा लागतो.

माळा, वाळवण, देव

जुन्या चाळींत छत बारा-चौदा फुटांवर असायचं, तिथे पोटमाळ्यावर माणसं झोपायची. आत्ताचं छत नऊ फुटांवर, तिथे झोपायचा माळा करायचा हट्ट धरू नका. छताखाली गरम होतं आणि खाली वावरताना डोकं आपटतं. सामानाचा माळा सात फुटांवर, दोनच फूट खोल, आणि फक्त बोळावर नि दारांवर. चारी भिंतींना माळा फिरवला की खोली विहिरीसारखी वाटते.

कपडे वाळवायला छताला दोरीनं वर-खाली होणाऱ्या सहा नळ्यांची चौकट लावा, पंख्याच्या झोतात येईल अशी पण पात्यांपासून लांब. आम्ही ती कपाटासमोरच्या मोकळ्या पट्ट्यावर लावली, रात्री वर ओढून घेतात. खिडकीबाहेरच्या जाळीत सगळं लोंबकळत ठेवलं की उजेडही जातो आणि पावसात कपडेही.

देवघराला अठरा इंचांचा कोनाडा पुरतो, पण समईच्या ज्योतीवर किमान दोन फूट मोकळे ठेवा आणि मागच्या बाजूला सनमायका न लावता लादी किंवा दगड लावा. काळी पडलेली, फुगलेली सनमायकाची देवघरं पाहून मला नेहमी नवल वाटतं की आग कशी लागली नाही.

रंग, दिवे, लाकूड

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सगळ्या घरात एकच लादी, उंबरे शक्य तिथे काढलेले, भिंती फिकट. पांढऱ्याच हव्यात असं नाही. खिडकीसमोर कपाट नको, एवढं पाळा. दिव्यांची बटणं मात्र तीन गटांत करा: सगळं घर, फक्त ओटा, फक्त रात्रीचा बोळ.

मोरी आणि सिंकच्या आसपास पाण्याला टिकणारा प्लाय वापरा, त्याच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. तो शिक्का सुतारानं कापायच्या आधी स्वतः बघा. साधा प्लाय आयएस ३०३ चा, तो कोरड्या कपाटात चालतो. भुशाचे दाबून केलेले तयार फर्निचर मुंबईच्या पावसात कडेनं फुगतं. पाऊण इंची फळी आधाराशिवाय तीन फुटांहून लांब ठेवू नका, डब्यांच्या वजनानं पोट सुटतं. पैसे कमी असतील तर वॉटरप्रूफिंग, वायरिंग, बिजागऱ्या-चॅनल या क्रमानं घाला आणि उरले तर सनमायका भारी घ्या. लोक नेमकं उलटं करतात.

आणि सगळंच भिंतीत गाडून टाकू नका. तोक्योत १९७२ साली आर्किटेक्ट किशो कुरोकावा यांनी १४० खोल्यांची एक इमारत उभारली होती, नाकागिन कॅप्सूल टॉवर. जेमतेम दहा चौरस मीटरची एकेक खोली, त्यात पलंग, टेबल, टीव्ही सगळं भिंतीत बसवलेलं. पंचवीसेक वर्षांनी खोल्याच बदलायच्या अशी योजना होती, पण एकही बदलली गेली नाही, आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली. आपल्याकडे फ्रिज दहा वर्षांनी बदलतो आणि नवा दोन इंच जास्त रुंद निघतो. फ्रिजच्या, मशीनच्या आणि टीव्हीच्या कप्प्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच सोडा, आणि बाजूची फळी खिळ्यांऐवजी स्क्रूनं लावून घ्या.

खुंट्या, हुक, टॉवेलच्या दांड्या सुताराकडून पहिल्याच दिवशी ठोकून घेऊ नका. चारच लावा, महिनाभर राहा. पिशवी कुठे लटकते, चावी कुठे पडते, छत्री कुठे ठिबकते ते कळेल, मग उरलेल्या लावा. सुताराचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या, आणि तो द्यायच्या आधी प्रत्येक खण रिकामा नाही, डबे-भांडी भरून, पूर्ण बाहेर ओढून बघा. रिकामा खण सगळ्यांचाच छान सरकतो.